ठाणे ते माळशेज, चार साइडकार: काय तपासून निघावं?

घोडबंदरकर: रविवारी कल्याण-मुरबाडमार्गे जायचंय. साइडकार, म्हणजे बाइकला बाजूने जोडलेली एकचाकी बैठक, डावीकडे. एका गाडीची साइडकार रिकामीच. सरळ रस्त्यावरही हँडल डावीकडे ओढतं.

पाना_१०_१२: आधी टो-इन बघा, म्हणजे साइडकारचं चाक पुढे बाइककडे किती वळलंय ते. दोन सरळ पट्ट्या लावा, एक बाइकच्या दोन्ही चाकांना, दुसरी साइडकारच्या चाकाला. पट्ट्यांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १०-२० मिमी कमी हवं. जास्त झालं तर टायर भराभर घासतो. मग बाइकचा कल: रिकामी उभी असताना किंचित उजवीकडे, एखादा अंश. थ्रॉटल दिल्यावर थोडं डावीकडे आणि ब्रेकला उजवीकडे ओढणारच, तो दोष नव्हे.

कळवा_खाडी: रिकाम्या साइडकारमध्ये २०-२५ किलो वाळूची गोणी ठेवा, तळाशी, घट्ट बांधून. नाहीतर डाव्या वळणावर चाक उचलतं. उचललंच तर हँडल जरा उजवीकडे सोडा. पण घाटात उजवीकडे समोरून एसटी येते, म्हणून वेग वळणाआधीच उतरवा.

घोडबंदरकर: आणि गाड्यांचा क्रम?

पाना_१०_१२: नवखा चालक दुसरा. चौघांत मोठं अंतर. ही गाडी रुंद, ट्रॅफिकमध्ये फटीतून निघत नाही. मुरबाडला थांबून जोडणीचे चारही बोल्ट पान्याने तपासा. आरसीवर साइडकारची नोंद आहे ना?