मदत हवी आहे: मिथिलीन ब्लू उतरतो, रिॲक्टिव्ह काळा उतरत नाही

प्रश्न
सोलापुरी टॉवेलच्या डाइंगचं सांडपाणी आहे. मुख्य रंग रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, पीएच १०.५, मीठ आणि सोडा ॲश भरपूर. रंग शोषून घ्यायला करवंटीचा सक्रिय कार्बन (बारीक छिद्रांचा कोळसा) १०० मिलीला १ ग्रॅम घालून शेकरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) २ तास ठेवतो. कार्बन तपासायला घेतलेला मिथिलीन ब्लू हा रंग जवळजवळ सगळा जातो, हा काळा मात्र १०० मिग्रॅ/लिटरवरून ८० वर अडतो. ६ तास ठेवलं तरी तेच. कार्बन कच्चा राहिलाय का?

उत्तर
कार्बन ठीक असावा, चाचणीचा रंग चुकीचा आहे. मिथिलीन ब्लू छोटा आणि धनभारित. ब्लॅक ५ वर सल्फोनेट गटांचे (गंधक-ऑक्सिजनचे) ऋणभार, शिवाय रेणू कितीतरी मोठा. करवंटीच्या कार्बनची छिद्रं बहुतेक २ नॅनोमीटरच्या आतली, तिथे तो शिरतच नाही. त्यात पीएच १०.५ ला कार्बनचा पृष्ठभागही ऋण होतो आणि रंगाला ढकलतो.

आधी पीएच ३, ५, ७, ९ करून चार बाटल्या लावा. आम्ल थेंबथेंब घाला. सोडा ॲशमुळे फेस उसळतो, भांडं अर्धंच भरा. मीठ असू द्या, ते हे ढकलणं कमी करतं. म्हणूनच नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात रंग कालवून काढलेले आकडे इथे चालत नाहीत.

प्रश्नकर्ता
मोठ्या छिद्रांचा कार्बन कशाचा करू?

उत्तर
बाभळीचा भुसा, ०.५ ते १ मिमी, १०५ अंशांवर वाळवलेला. ५० ग्रॅम भुशाला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ७० मिली, म्हणजे वजनाने साधारण १:२. भुसा सगळा भिजेल इतकंच पाणी घाला. रात्रभर मुरवा, ११० अंशांवर सुकवा, झाकणाच्या क्रूसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मुशीत) ४५० ते ५०० अंशांवर १ तास तापवा. मग गरम पाण्याने धुवा, निथळ पीएच ६ च्या वर येईपर्यंत. इथे घाई झाली की उरलेलं आम्लच पीएच पाडतं आणि कार्बन आहे त्याहून चांगला वाटतो. पहिली धुवणी साठवा, त्यातलं आम्ल पुन्हा वापरता येतं. गटारात सोडली तर फॉस्फेट नदीत जाईल.

या कार्बनचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, म्हणजे जास्त पीएचला तोही ऋण होतो, त्यामुळे पीएच उतरवणं टळत नाही.

दुसरं उत्तर
मोजणीही तपासा. रंग किती उरला हे प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजतात; त्यासाठी ६६४ नॅनोमीटर ही प्रकाशाची तरंगलांबी मिथिलीन ब्लूसाठी. ब्लॅक ५ साठी ५९७ च्या आसपास. सगळे नमुने पीएच ७ ला आणून, शोषणांक (प्रकाश शोषण्याचं माप) १ च्या खाली येईल इतके पातळ करून मोजा. नायलॉन फिल्टर स्वतःच रंग धरतो, त्यापेक्षा सेंट्रिफ्यूज करा. तुलनेसाठीचं प्रमाण द्रावणही (रंगाचं प्रमाण माहीत असलेलं) अल्कलीत तापवून घ्या, कारण सांडपाण्यातला रंग पुडीतला राहिलेला नसतो, त्याचं जलविघटन (पाण्याशी क्रिया होऊन बदल) झालेलं असतं.

आणि टक्केवारीपेक्षा ग्रॅममागे किती रंग धरला ते काढा. सध्या १ ग्रॅम कार्बन २ मिग्रॅ धरतोय. या हिशेबाने १ घनमीटर पाण्यातून ८० ग्रॅम रंग काढायला ४० किलो कार्बन लागेल. ४० मिग्रॅ धरला तर २ किलो. तरीही कच्च्या सांडपाण्यावर थेट कार्बन टाकू नका. सॉफ्टनर (कापड मऊ करणारी द्रव्यं) आणि इतर सेंद्रिय द्रव्यं जागा खातात. आधी कोॲग्युलेशन (रसायन घालून गाळ बसवणं), जैविक प्रक्रिया, मग शेवटी कार्बन.