कॅम्पिंग ट्रेलर: १,५०० किलोची मर्यादा असताना १,०५० किलोला अडचण काय?

भटका_होटगीरोड:
मंडळी, एसयूव्हीमागे जोडायला छोटा कॅम्पिंग ट्रेलर बांधून घेतोय. मॅन्युअलमध्ये ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १,५०० किलोची मर्यादा आहे, हुकावर वरून पडणारा भार १५० किलोपर्यंत. ट्रेलर रिकामा ७८०. गॅस, गाद्या, पाणी धरून १,०५०. सगळं मर्यादेत. तरी बांधणारा म्हणतोय, ८० लिटरची पाण्याची टाकी पुढे, ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याकडे नको. का? मला तीच जागा सोयीची आहे. गाडीच्या प्लेटवर एकूण वजन २,५१० आणि मागचा एक्सल १,४५० लिहिलंय. आम्ही चौघे, दिवाळीत तुळजापूर, नळदुर्ग, जमलं तर हंपी.

ट्रॉलीवाले काका:
बांधणारा शहाणा हाय, त्याचं ऐका. १,५०० म्हणजे गाडी किती ओढू शकते ते. मागच्या एक्सलवर किती बसतंय, हा हिशेब वेगळा. मी अक्कलकोट रोडला उसाच्या ट्रॉल्या बांधतो, गिऱ्हाईक पहिल्यांदा टनच विचारतंय, दांड्यावर किती येणार ते कुणी विचारत नाही.

आधी लॉरीच्या वजनकाट्यावर जा. डिझेल फुल्ल, घरची चौघं आत, डिकीत सामान, हुक बसवलेला. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्या. काट्यावरचा पोरगा हसंल, हसू दे. पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर (व्हीलबेस) आणि मागच्या एक्सलपासून हुकाच्या गोळ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून टाका इथं.

भटका_होटगीरोड:
जाऊन आलो. एकूण २,२५५, पुढे ९६५, मागे १,२९०. व्हीलबेस २.७५ मीटर, गोळा एक्सलच्या मागे १.१ मीटर. टाकी पुढे धरून हुकावर १४५ येतील असं बांधणारा म्हणतो.

ट्रॉलीवाले काका:
आता बघा. १४५ किलो गोळ्यावर पडले की मागच्या एक्सलवर १४५ पडत नाहीत, जास्त पडतात. गोळा एक्सलच्या मागं लोंबतोय, म्हणून तो गाडीचं तोंड उचलतो. १.१ भागिले २.७५ म्हणजे ०.४. पुढनं ५८ किलो उचलले जातात आणि तेही मागं येऊन बसतात. १४५ अधिक ५८, २०३. तुमचे १,२९० धरून झाले १,४९३. प्लेटवर १,४५०!

गंमत म्हणजे बाकी सगळं पास. एकूण २,४०० होतंय, २,५१० च्या आत. हुक १५० च्या आत. ओढायचं वजन तर लांबच राहिलं. एकटा मागचा एक्सल नापास, आणि पुढची चाकं हलकी झाल्यानं स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कमी, ते वेगळंच. तुळजापूरच्या घाटात उतरताना कळंल.

ट्रेलरच्या एक्सलपासून हुक साडेतीन मीटर असेल आणि टाकी बरोबर मधे असेल, तर तिचं निम्मं वजन, म्हणजे ४० किलो, हुकावर. टाकी एक्सलच्या डोक्यावर घ्या, हुकावर १०५ राहतील. त्याचे मागं १४७ होतात, एकूण १,४३७. बसलं. शिवाय पाणी संपलं तरी हुकाचा भार हलत नाही.

पण आता ट्रेलरच्या एक्सलवर ९४५ येणार. तो कितीचा घेतलाय?

भटका_होटगीरोड:
१,००० चा. टायरवर ८८ लिहिलंय.

ट्रॉलीवाले काका:
८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, तेही हवा पुरी असेल तर. चालतंय. मे महिन्यात आपल्याकडं कमी हवेवर पळवू नका.

लीड्सकर:
मी इकडे इंग्लंडमध्ये कॅराव्हॅन ओढतो. इथे दांड्यावर पाच ते सात टक्के सांगतात. १,०५० ला सत्तर किलो पुरतील की! एक्सलला आणखी जागा मिळेल.

ट्रॉलीवाले काका:
तिकडच्या कॅराव्हॅन त्या हिशेबानं बांधलेल्या असतात, आणि ओढताना वेगही कमी ठेवतात. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के धरतात. आपली ट्रेलर गावठी बनावटीची, रस्त्यावर मोकाट ट्रक. मी दहाच्या खाली जाऊ देणार नाही. बैलगाडी धुरजड, म्हणजे पुढं जड झाली तर बैलाच्या मानंवर येतंय, उलाळ, म्हणजे मागं जड झाली तर जूच वर उचलतंय. इथं उलाळ झाली की शेपूट हलायला लागते आणि ऐंशीच्या वेगात ते आवरत नाही. वजन कमीच करायचं तर डिकीतलं करा. मागच्या एक्सलच्या मागं ठेवलेली बॅग तिच्या वजनापेक्षा जास्त भरते.

हुकाचा भार लॉरीच्या काट्यावर मोजू नका, तिथं पाच-दहा किलोची चूक सहज होते. भुसार दुकानातला प्लॅटफॉर्म काटा आणा. सपाटीवर ट्रेलर भरून उभी करा, चाकांना दगड लावा, गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून त्यावर दांडा टेकवा. ठोकळ्याचं वजन वजा करायचं. आणि आरटीओत ट्रेलरची नोंदणी झाल्याबिगर रस्त्यावर आणू नका.

भटका_होटगीरोड:
टाकी एक्सलवर घ्यायला सांगितली. एक राहिलं, पोरांच्या दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या दाराला अडकवू का?

ट्रॉलीवाले काका:
नको, ट्रेलर उलाळ होईल. गाडीच्या टपावर बांधा, मग परत काट्यावर जा.