बाबा तुम्हाला कुठे भेटले होते?

परवा बाबांची तेरवी झाली. घरात माणसं मावत नव्हती आणि त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. जाताना प्रत्येक जण काहीतरी सांगत होता, मी नुसते हात जोडत होते. त्यातलं आता काही आठवत नाही.

माझ्या मुलाने आजोबांना आजारीच पाहिलं. आठ वर्षं किडनीचं दुखणं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याच्यासाठी आजोबा म्हणजे पलंग, गोळ्यांचा डबा आणि मोजून प्यायचं पाणी. म्हणून ही विनंती. बाबा तुम्हाला कुठे भेटले, कसे भेटले, ते इथे या धाग्यावर लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. मी त्याला वाचून दाखवणार आहे.

रेशीमबाग मैदानावरचा मित्र

पोरी, तुझा बाबा आमच्या ग्रुपचा जीव होता. पहाटे साडेपाचले येऊन स्टम्प ठोकायचा. कोणी आलं नसलं तर एकटाच बॉल टाकत राहायचा. डावखुरा स्पिनर. बॅटिंग बेताची, पण माणसं जमवावी तर त्यानंच. फिरायला आलेल्या कोणालेही अडवायचा, "भाऊ, एक फिल्डर कमी आहे." मले असंच धरलं. मी बदली होऊन आलो होतो, नागपुरात ओळखीचं कुत्रं नव्हतं. त्या दिवशी फिल्डर कमी नव्हताच, हे मले लई दिवसांनी समजलं.

31 ऑक्टोबर 1987 ले आम्ही सदर भागातल्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर सोबत होतो. चेतन शर्मानं न्यूझीलंडचे तिघं लागोपाठ बोल्ड केले. वर्ल्ड कपातली पहिली हॅटट्रिक! मग गावस्करचं शतक, वनडेतलं त्याचं एकुलतं एक. शतकाच्या वेळी सारं मैदान उभं, अन् तुझा बाबा मागं वळून पाहून राहिला होता. मागच्या म्हाताऱ्या बुवाले काही दिसत नव्हतं. यानं त्याले आपल्या जागेवर उभं केलं अन् पडू नये म्हणून कंबरेले धरून ठेवलं. शंभरावा रन यानं पाहिलाच नाही.

डायलिसिसला शेजारच्या पलंगावर असायचो

पहिल्या दिवशी मी फार घाबरलो होतो. काकांनी उजवा हात पुढे केला, "लावा बोट." फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात धमनी आणि शीर जोडलेली जागा. त्यावर बोट ठेवलं की कातडीखाली रक्त थरथरताना लागतं, मांजर गुरगुरल्यासारखं. म्हणाले, "ही थरथर आहे तोवर हात चालू. रोज सकाळी उठल्याबरोबर तपासायची." डावखुरे असल्यामुळे त्यांचा फिस्टुला उजव्या हातात केला होता. बॉलिंगचा हात वाचला, हे ते प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचे.

आमची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. 1 जानेवारी 2018 ला सोमवार होता. इंदूरला विदर्भ आणि दिल्लीची रणजी फायनल सुरू होती. विदर्भाच्या गुरबानीची हॅटट्रिक आणि वाडकरचं शतक आधीच्या दिवसांत होऊन गेलेलं, काकांना ते बॉल-बॉल पाठ होतं. विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला तेव्हा आम्ही सगळे मशीनला जोडलेले. सुया असलेला हात हलवता येत नाही, टाळी वाजवणार कशी? काकांनी डाव्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा वाजवायला सुरुवात केली. मग एकेक करत सगळे पलंग वाजायला लागले. सिस्टर रागवायला आल्या आणि स्कोअर विचारून गेल्या.

गल्लीतली वहिनी

भाऊजींना संत्रं बंद होतं, त्यातलं पोटॅशियम किडनीच्या दुखण्यात चालत नाही म्हणून. नागपूरच्या माणसाला संत्रं बंद! पण आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की ते स्वतः निवडून आणायचे आणि ओट्यावर बसून आमच्या पोरांना सोलून द्यायचे. एकेका फोडीवरचा पांढरा दोरा काढून, बिया काढून. सगळं वाटून झालं की बोटं नाकाशी नेऊन थोडा वेळ तसेच बसायचे. मी एकदा पाहिलं आणि मला आत येऊन रडू आलं.

आणि मे महिन्यात स्वतः बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचे, पण फाटकाबाहेरचा रांजण दिवसातून दोनदा भरून घ्यायचे.

ऑटोवाला

ताई, मी साहेबांले दवाखान्यातून घरी आणत होतो. परत येताना लई थकून राहायचे, बोलणं होत नव्हतं. तरी हातानं रेशीमबागेकडे दाखवायचे. मी मैदानाच्या कडेले गाडी लावायचो. पोट्टे खेळत असले तर एक ओव्हर पाहायचे. सहा बॉल झाले का खांद्यावर हात ठेवायचे, म्हणजे चला. वाइड पडला तर सातवा बी पाहायचे. त्याचे पैसे मी कधी घेतले नाही.

हा धागा सुरू करणारी मुलगी

दादा, उशीर झाला म्हणून मी दर वेळी तुमच्यावर चिडायचे. तुम्हीही सांगितलं नाहीत आणि बाबांनीही नाही. मला माफ करा.

काल रात्री हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्याने. मैदानावरच्या काकांसाठी त्याचा एक प्रश्न आहे. त्या म्हाताऱ्या आजोबांना शंभरावा रन नीट दिसला होता का? काका, आठवत असेल तर तेवढं लिहा. तो वाट पाहतोय.