शिको बुआर्की कोणी ऐकतं का इथं? कुठून सुरू करू?

बेसा_साइटवाला: राजेहो, मी बेसा साइडला बिल्डिंगच्या कामावर सुपरवायझर आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत यूट्यूबवर आपोआप या शिकोचं एक ब्राझीलचं गाणं लागलं, 'कोन्स्त्रुसाँव' म्हणजे बांधकाम, सबटायटल वाचत गेलो अन् डबा तसाच राहिला. मजूर बायकोचा निरोप घेऊन निघतो, भिंती चढवतो, वरून पडतो, मरतो, अन् लोकांना अडचण काय तर ट्रॅफिक अडला. तेव्हापासून तेच ऐकून राहिलो. कोण आहे हा माणूस?

जुनी_रेकॉर्ड: भाऊ, गाणं १९७१ चं. शिकोचा जन्म १९४४ चा, रिओचा, वडील मोठे इतिहासकार. स्वतः आर्किटेक्चर शिकायला गेला होता, मधेच सोडलं. त्या गाण्यात परत एकदा लक्ष दे, तेच कडवे फिरून येतात पण ओळीचा शेवटचा शब्द बदललेला असतो, अन् ते सगळे शब्द एकाच ठेक्याचे, शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर. विटेवर वीट ठेवल्यासारखं वाटते.

बर्डीचा_वाचक: १९६४ ते ८५ तिथं लष्कराचं राज्य होतं हे माहीत असलं तरच तो नीट कळते. १९६८ मध्ये त्याला पकडलं, मग वर्षभराहून जास्त इटलीत राहावं लागलं. परत आल्यावर 'आपेसार जि व्होसे' काढलं, म्हणजे तू असूनही उद्या वेगळा दिवस येणारच. सेन्सॉरला वाटलं प्रेमातलं भांडण आहे, पास केलं, अन् 'तू' म्हणजे सरकार हा अर्थ कळला तोवर रेकॉर्डी धडाधड खपल्या होत्या, मग बंदी. पुढे त्याच्या नावाचं गाणं दिसलं की अडवायचे म्हणून १९७४ मध्ये यानं जुलिन्यो दा आदेलाइदे असं खोटंच नाव घेतलं अन् त्या नावानं गाणी पास झाली! त्यातल्या एकात पोलीस दारात आलेत अन् हा ओरडतो, चोराला बोलवा. मला हा त्याचा सगळ्यात धीट शब्द वाटते.

दीक्षाभूमी_रोड: 'कालिसी' ऐकाच. गिल्बेर्तो गिल या ब्राझीलच्याच गायकासोबत लिहिलेलं. शब्दाचा अर्थ प्याला, पण कानाला 'गप्प बस' असंच ऐकू येते. १९७३ च्या कार्यक्रमात शब्द म्हणायची मनाई होती तर दोघं नुसतं गुणगुणायला लागले, तरी माइक बंद केले. रेकॉर्ड निघाली १९७८ मध्ये. आमच्या घरी आजोबा आंबेडकरी जलशातली गाणी म्हणायचे, त्यामुळे सत्तेला गाण्याची एवढी भीती काऊन वाटते हे मला सांगावं लागत नाही.

बेसा_साइटवाला: आज सेंट्रिंगवाल्या पोरांना मोबाइलवर ऐकवलं, अर्थ सांगत गेलो. एकानं विचारलं, त्या मजुराचं नाव काय. गाण्यात नाव नाहीच ना?

जुनी_रेकॉर्ड: नाही भाऊ. नुसतं 'तो' आहे.