फट अरुंद करताना क्षारही धरा
पाणी उकळताना तापलेल्या पत्र्यालगतची फट अरुंद झाली की बुडबुडे अडकतात आणि उष्णता कमीच वाहते, असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. साधारण 2.5 मिलिमीटरपेक्षा लहान फटीत वाफेचा बुडबुडा भाकरीसारखा चपटा पसरतो. त्याच्याखाली अगदी पातळ पाण्याचा थर राहतो, तो झरझर वाफ होतो. म्हणून मंद आचेवर अशी फट मोकळ्या भांड्यापेक्षा जास्त उष्णता ओढते. आच वाढली की मात्र वाफ पाण्याची वाट अडवते, कोरडा डाग पडतो आणि पत्रा एकदम तापतो. पृष्ठभागावर बारीक चर पाडले किंवा सच्छिद्र थर दिला, तर पाणी केशाकर्षणाने (बारीक जागेत आपोआप ओढलं जाऊन) आत येत राहतं आणि कोरडा डाग पडण्याची मर्यादा वर सरकते.

पण फटीत साचणाऱ्या क्षारांचं कुणी बोलत नाही. जळगावजवळच्या एका तेलगिरणीत मी बॉयलर सांभाळायचो, पाणी बोअरचं, चांगलंच जड. साफसफाईला उघडला तेव्हा नळ्यांवर नुसता पापुद्रा होता, पण नळी टोकाच्या जाड प्लेटमध्ये शिरते तिथल्या फटीत क्षारांचा दगड! छिन्नीने काढावा लागला. फटीतलं पाणी बदलत नाही, वाफ निघून जाते, क्षार मागे साचत जातात. अणुभट्ट्यांच्या स्टीम जनरेटरमध्येही (वाफ तयार करणाऱ्या भांड्यात) नळ्यांना आधार देणाऱ्या प्लेटच्या गोल छिद्रांत हेच झालं, प्लेटचा गंज फुगला आणि त्याने नळ्या चेपल्या. पुढे तिथे पाकळ्यांच्या आकाराची छिद्रं आली, म्हणजे नळीभोवती पाणी वाहतं राहतं. चर पाडताना तेही वाहते ठेवा, बंद टोकाचे नकोत.