आईबाबांना घेऊन फिजीच्या तावेउनी बेटावर, लावेना गावात चार दिवस: सल्ला हवा आहे

शुभदा_ऑकलंड
नमस्कार मंडळी. आईबाबा साताऱ्याहून जूनमध्ये आमच्याकडे ऑकलंडला येताहेत. जुलैत इथे गारठा असतो, म्हणून त्यांना चार दिवस फिजीला न्यायचं मनात आहे. मोठं हॉटेल नको. बाबांना समुद्रकाठचं शांत खेडं हवंय, जिथे संध्याकाळी माणसांशी बोलता येईल. नकाशा धुंडाळताना तावेउनीच्या पूर्व किनाऱ्यावरचं लावेना सापडलं. तिथे गावानेच चालवलेलं साधं विश्रामगृह आहे. आम्ही तिघं. विमान सोडून तिथला सगळा खर्च १२०० फिजी डॉलरमध्ये (पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास) बसवायचा आहे. आई पूर्ण शाकाहारी, बाबांचा एक गुडघा दुखरा. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

राजन_ठाणे
खेड्यात कशाला जाताय? आम्ही नाडी या मोठ्या विमानतळाच्या शहराहून बोटीने जवळच्या एका बेटावर गेलो होतो, खोलीच्या पायरीवरून थेट पाण्यात उतरायचं. एका रात्रीलाच तुमचे निम्मे पैसे जातील, पण आईवडिलांसाठी आयुष्यात एकदा खर्च करावा. आमची आई अजून आठवण काढते.

पाणबुड्या
तावेउनीला जाऊन पाण्याखाली उतरला नाहीत तर काय पाहिलंत? सोमोसोमो सामुद्रधुनीतला रेनबो रीफ मऊ प्रवाळांसाठी जगभर नावाजलेला आहे. ग्रेट व्हाइट वॉल ही तर पांढऱ्या प्रवाळांची उभी भिंतच. मी तीन दिवसांत सात डुबक्या मारल्या. लावेनाऐवजी मातेईला राहा, विमानतळही तिथेच आहे.

मेधा_ड
मी आणि माझी बहीण २०१८ मध्ये लावेनाला तीन रात्री राहिलो. शुभदा, जागा अगदी बरोबर निवडली आहेस. पण काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोहोचताना नुसतं सामान टाकून गावात फिरायला निघू नका. यांगोनाच्या (म्हणजे 'कावा' हे पेय ज्यापासून करतात त्या झुडपाच्या) मुळांची जुडी घेऊन गावच्या प्रमुखाकडे जायचं, याला सेवुसेवु म्हणतात. जुडी बाजारात मिळते, बेटावरच्या नांगारा या बाजारगावातूनच घेऊन ठेवा. ती समोर ठेवली, त्यांनी स्वीकारली, की तुम्ही गावचे पाहुणे. मग कुणीही हाक मारून ओट्यावर बसवतं. बाबांना हवंय ते हेच.

गावात टोपी आणि गॉगल काढायचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घरात शिरताना चपला बाहेर. आणि हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगते: पोरांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवायचा नाही. तिथे डोक्याला हात लावणं अपमानाचं मानतात. माझ्या बहिणीचा हात सवयीने गेला आणि त्या बाईंचा चेहरा पडला. आम्ही माफी मागितली, त्यांनी समजूनही घेतलं, पण ती संध्याकाळ मला आजही बोचते.

किनाऱ्याची पायवाट जाऊन-येऊन दहा किलोमीटर आहे, आणि शेवटच्या धबधब्यापर्यंत पोहूनच जावं लागतं. बाबांना अर्ध्या वाटेवरून परत आणा. त्याऐवजी बोउमाला तावोरोचे तीन धबधबे आहेत, त्यातला पहिला सपाट वाटेने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तो त्यांना झेपेल. तिकिटाचे पैसे गावाला जातात. जंगल तोडायला देण्याऐवजी इथल्या लोकांनी १९९० च्या सुमारास हे राखीव उद्यान उभं केलं, न्यूझीलंड सरकारची मदत घेऊन. ते पैसे आनंदाने द्या.

आणि रविवार टाळा. आम्ही होतो तेव्हा रविवारी बस नव्हती, दुकान बंद, सगळं गाव चर्चमध्ये. आमचा तो दिवस नुसता बसून गेला.

नि_कुलकर्णी
राजन, नाडी नव्हे, नांदी. फिजीच्या लिपीत डी म्हणजे न्द, बी म्हणजे म्ब, क्यू म्हणजे ङ्ग, सी म्हणजे इंग्रजी 'दिस'मधल्या द सारखा उच्चार. म्हणूनच मेधाताईंनी नांगारा लिहिलंय ते बरोबर. बसवाल्याला स्पेलिंगप्रमाणे नकारा म्हणालात तर त्याला कळणार नाही.

राजन_ठाणे
आम्ही पाच दिवस नाडीच म्हणत होतो, सगळ्यांना कळत होतं.

अनघा_सिडनी
टोपी काढायची, हे मीही सांगणार होते. फार महत्त्वाचं आहे.

शाकाहाराची काळजी नको. अळूचे कंद तिथे रोजचंच खाणं आहे, दालो म्हणतात; तावेउनीहून ते परदेशात जातात. पानांचं रोउरोउ करतात, नारळाच्या दुधात शिजवलेलं. काकूंना आपल्या फतफत्याची आठवण येईल, फक्त चिंच-गूळ नाही. मात्र त्यात कधी कधी डबाबंद मासे घालतात, तेव्हा आधीच सांगा. नांगाऱ्यात भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत. यांचे पूर्वज १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून आणले गेले, साठ हजारांहून जास्त माणसं. त्यांची हिंदी भोजपुरी-अवधीच्या वळणाची आहे. काकांना थोडी हिंदी येत असेल तर तिथे तासभर गप्पा होतील. माझ्या बाबांच्या झाल्या. निघताना दुकानातल्या आजोबांनी त्यांचा हात सोडला नाही.

सावंतवाडीकर
पावसाचं कुणीच बोललं नाही. जुलै तिकडे कोरडा ऋतू म्हणतात, पण लावेना आग्नेयेच्या वाऱ्याच्या तोंडावर आहे. डोंगर हजार-बाराशे मीटरचे, ढग तिथेच रिकामे होतात. आमच्या आंबोलीसारखं समजा. मी कोरडा ऋतू समजून गेलो आणि चारपैकी तीन दिवस भिजलो. छत्री उपयोगाची नाही, रेनकोट न्या.

दुसरं, मातेईला जाणारं विमान लहान. सामानाचं वजन घरीच करा. हवामानामुळे आमची परतीची फेरी रद्द झाली आणि त्याच दिवशीचं पुढचं विमान चुकलं. नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं. नांदीला शेवटची एक रात्र ठेवाच.

प्रवासी_७२
सामोआचा विचार केलात का? सवाई बेटावर मनासे गावात समुद्राला लागून उघड्या झोपड्या आहेत, फाले म्हणतात. नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच असतं. ऑकलंडहून आपियाला थेट विमान आहे.

पाणबुड्या
सामोआत रेनबो रीफ नाही.

अनघा_सिडनी
अजून एक. भारतीय पासपोर्टला फिजीचा व्हिसा आधी लागत नाही. पण काका-काकूंचा न्यूझीलंडचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, ते आधी बघ. नाहीतर फिजीहून परत येता येणार नाही. आणि परतताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची. माझ्या सासूबाईंच्या पिशवीत कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या राहिल्या होत्या, ऑकलंड विमानतळावर ४०० डॉलर दंड भरला.

राजन_ठाणे
हे बघा, पाऊस, बस नाही, दुकान नाही. म्हणून म्हणतोय, पैसे थोडे वाढवा.

शुभदा_ऑकलंड
सगळ्यांचे मनापासून आभार. अनघा, तुझ्यामुळे व्हिसा तपासला. आईचा अनेक प्रवेशांचा होता, बाबांचा एकाच वेळचा. आता तो बदलायला दिलाय. रेनकोट घेतले, नांदीची शेवटची रात्र धरली.

आम्ही लावेनालाच चाललोय, आणि मेधाताई, शनिवारी पोहोचणार आहोत, म्हणजे रविवार तिथेच. तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. सगळं गाव चर्चमध्ये, हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, तिथे गातात का? मी शोधून ऐकवलं. वाद्य नाही, बायका-पुरुष वेगवेगळ्या सुरांत एकत्र गातात. बाबा चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी ते तीनदा ऐकलं आणि म्हणाले, धबधबा राहू दे, मला हे समोर बसून ऐकायचंय. आता दुसरा कुठलाच वार त्यांना नको.

मेधा_ड
आम्ही त्या दिवशी खोलीतच बसून राहिलो, आत गेलोच नाही. आता वाईट वाटतंय. जुडी देताना प्रमुखांना सांग की वडिलांना गाणं ऐकायचंय, म्हणजे ते बरोबर घेऊन जातील. काकूंना लांब बाह्यांचा पोशाख, काकांना पूर्ण पँट. रविवारचं जेवण शनिवारीच सांगून ठेव. नांगाऱ्यातून पैसेही शनिवारीच काढ, लावेनात बँक नाही. आणि दुपारची बस चुकली तर टॅक्सीचा खर्च मोठा आहे.

शुभदा_ऑकलंड
लिहून घेतलं. जुड्या एक घ्यायची की दोन?

मेधा_ड
दोन घे. बोउमालाही लागली तर हाताशी असेल.