मदत हवी आहे: अर्धं धाबं उतरवलंय, सेंटरिंग लागलंय आणि झड काही सुटत नाही

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात आमचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. चार खण, मातीच्या भिंती, सागाचे सरे (छताच्या तुळया), वर फूटभर माती. दर मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकायची, परनाळी मोकळ्या करायच्या आणि तरी गळलं की खाली पातेली मांडायची. आबांना (सासरे) आता शिडी चढवत नाही, खारी टाकणारी माणसंही मिळत नाहीत. म्हणून मागचे दोन खण उतरवून तिथं स्लॅब टाकायचा आणि पुढचे दोन पैसे जमतील तसे करायचे, असं ठरलं. आमचे हे सुरतला असतात, सुट्टी थेट दिवाळीला. कामावर बघायला मी, आबा आणि फोन.

काम उन्हाळ्यात उरकायचं होतं. लग्नसराईत मिस्त्री मिळाला नाही, तो मिळाला तर वाळू मिळेना, वाळूची सोय लागली तर पेरणीला मजूर शेतात गेले. हे ज्याने खेड्यात बांधकाम केलंय त्याला सांगायला नको. आता मागच्या भिंती दीपनगरच्या राखेच्या विटांनी स्लॅबच्या उंचीपर्यंत आल्यात, स्लॅबच्या साच्याच्या (सेंटरिंगच्या) प्लेटा लागल्यात, सळई बांधून तयार आहे आणि नेमकी झड लागली. उघाड पडते ती तास-दोन तासांची. तेवढ्यात कपडे दोरीवर टाकते आणि ओलेच परत काढते.

सध्या सगळं बिऱ्हाड पुढच्या दोन खणांत आहे. चूल ओसरीत, गॅस खाटेशेजारी, गव्हाची कोठी आणि दादरीची पोती भिंतीला लावून, त्यावर पापड-कुरडयांचे डबे, त्यावर मुलांची दप्तरं. सिमेंटच्या गोण्याही घरातच आहेत, कारण बाहेर ठेवायला जागा नाही. मधल्या भिंतीत देवाचा कोनाडा आहे. सकाळी कुंकवाच्या करंड्यावर बारीक माती सांडलेली असते, सासूबाई ती फुंकून पूजा करतात.

माझे प्रश्न असे. मिस्त्री म्हणतो, दोन तासांची उघाड मिळाली की स्लॅब टाकून घेऊ, वरून मेणकापड टाकू. हे फोनवर म्हणतात, पाऊस संपेपर्यंत हात लावू नका. कोणाचं ऐकू? बांधलेल्या सळईवर तांबूस गंज दिसतोय, तो चालतो का? वाळूऐवजी मिस्त्री डस्ट (क्रशरची भुकटी) वापरू म्हणतोय, ते बरोबर आहे का? मागच्या खणात काँक्रीटच्या मिक्सरसाठी आणि बल्बसाठी वायर नेलीय ती ओल्या भिंतीवरूनच गेलीय. आणि शेवटचं, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. सगळी भाऊबंदकी येते. सासूबाई म्हणतात, कानबाई याच घरात बसणार. मला तर माणसं कुठं बसणार तेच कळत नाही.

पाटीलवाडा

पावसाळ्यात घर काढतं का कोणी? अक्षय्य तृतीयेला सुरू करून मृगाच्या आत संपवायला हवं होतं.

बोरीकाठची

दादा, वरचा दुसरा परिच्छेद वाचा. आणि आता धाबं परत वर चढवता येत असेल तर तेही सांगा.

कोबावाला

ताई, मी साइटवर काम करतो, जळगावकडे. स्लॅबचं नंतर बोलू. मला त्या करंड्यावरच्या मातीबद्दल विचारायचंय. ती मधली भिंत आधी घराच्या आतली भिंत होती ना? म्हणजे तिच्या मागच्या अंगाला आजवर कधी पाऊस लागलाच नव्हता. मागचे खण उतरवले आणि ती उघडी पडली. नवी विटांची भिंत तिला चिकटून घेतलीय की मध्ये जागा सोडलीय? पुढच्या खणाचे सरे तिच्यावरच टेकलेत का? आणि माती कुठून पडते, कोनाड्यातून की वरून?

बोरीकाठची

सरे तिच्यावरच टेकलेत. नवी भिंत हातभर सोडून घेतलीय, मिस्त्री म्हणाला जुनीचा पाया उकरायला नको. त्या फटीत वरून पाणी पडतं, प्लेटांवरचंही तिकडेच येतं. फटीच्या तोंडाशी उतरवलेल्या मातीचा ढीग आहे, भरावाला कामी येईल म्हणून ठेवलाय, त्यामुळे पाणी बाहेर जात नाही. माती वरून पडते, सऱ्याच्या टोकाशी भिंतीला जिथं खाच आहे तिथून. आणि तुम्ही विचारलं म्हणून सांगते, त्या भिंतीतलं दार आठवडाभरापासून वर घासतंय. मी म्हटलं लाकूड फुगलं असेल.

कोबावाला

लाकूडही फुगतं. पण दार घासतंय, सऱ्याच्या टेकणीतून माती सांडतेय आणि पायथ्याशी पाणी उभं आहे, हे तिन्ही एकदम असेल तर मी लाकडाला दोष देणार नाही. आज रात्रीपासून त्या भिंतीलगतच्या खणात कोणी झोपू नका. आबा, मुलं, कोणीच नाही. जमलं तर सगळेच शेजारी झोपा.

कारण सांगतो. १२ बाय १२ फुटांच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे सहा-सात टन वजन. झडीत ती माती पाणी पिते, वजन अजून वाढतं. हा सगळा भार सऱ्यांवरून भिंतीवर येतो. मातीची भिंत कोरडी असेल तर शंभर वर्षं तो पेलते, पण पायथा भिजला की तिची ताकदच जाते. वरून ती तशीच दिसते, बसते खालून. खानदेशात धाब्याची घरं पडतात ती बरीचशी अशीच. कधी कधी पाऊस थांबून ऊन पडल्यावरही पडतात, म्हणून उघडलं की निर्धास्त होऊ नका.

उद्या सकाळी मिस्त्रीला स्लॅबच्या आधी हे करायला लावा. फटीच्या तोंडचा ढीग उचलायचा आणि पाणी बाहेर जाईल अशी उताराची चारी काढायची. चारी पायथ्यापासून लांब न्यायची, भिंतीच्या मुळाशी कुदळ लावायची नाही. फटीवर पत्रे टाकायचे, नव्या भिंतीकडे उतार देऊन, म्हणजे वरचं पाणी जुन्या भिंतीवर येणार नाही. भिंतीच्या माथ्यावर मेणकापड. आणि पुढच्या खणात भिंतीपासून दोनेक फुटांवर सऱ्यांच्या खाली आडवी बल्ली घेऊन तिला जॅक लावायचे, जॅकखाली जाड फळी. सेंटरिंगवाल्याकडे जॅक असतातच. टेकू लावताना आत फक्त काम करणारी माणसं, आणि धाब्यावर कोणी चढायचं नाही, गळती बुजवायलासुद्धा नाही.

कोणी म्हणेल भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारून टाका. मारू नका. आतली ओल आतच कोंडते आणि वर्षभरात लोणा (क्षार) लागून प्लास्टरचे पापुद्रे सुटतात, सोबत माती घेऊन.

गिरणाकाठ

कोबावाल्यांशी सहमत. आमच्या पाचोऱ्याकडे शेजारच्यांची अशीच मधली भिंत गेली, दुपारी गेली म्हणून माणसं वाचली. ताई, धान्य त्या भिंतीपासून आधी हलवा. पोती जमिनीवर ठेवू नका, विटांवर फळ्या टाकून त्यावर ठेवा. कोठीतला गहू हात घालून बघा, तळाशी गरम लागला तर ओल धरलीय असं समजा. कानबाईच्या रोटाचा (नैवेद्याचा) गहू आजच वेगळा काढून शेजारणीकडे पत्र्याच्या डब्यात ठेवा. रोटाला पुरुषांच्या नावाने मुठी मोजायला बसलात आणि गव्हाला कुबट वास आला तर सासूबाई वर्षभर बोलतील.

आणि उतरवलेल्या मातीच्या ढिगाला मुलांना हात लावू देऊ नका. जुन्या भिंतीत विंचू असतातच, पावसात साप कोरडी जागा शोधत ढिगात, विटांच्या थप्पीत येतो. ढीग उचलणाऱ्याला बूट घालायला सांगा, खाली हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री बाहेर जाताना बॅटरी.

फेजन्यूट्रल

वायरमन आहे, भुसावळला. ओल्या मातीच्या भिंतीवरून वायर नेलीय ती आज काढा. जोड टेपने गुंडाळलेला असेल तर तोच मारतो. वायर बांबूवर उंचावरून घ्या, जोड नको, अखंड वायर. मिक्सरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नाही. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात बहुतेक नसतेच. सळईच्या जाळीला वायर चिकटू देऊ नका, एक खरचटलेली वायर आणि अख्खी जाळी जिवंत होते. भिंतीला झिणझिणी आली तर आधी मेन बंद, मग मला शिव्या.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. रात्रीच आम्ही चुलत सासऱ्यांकडे झोपायला आलो. सासूबाई यायला तयार नव्हत्या, "पानी काय आज पहिल्यांदा पडी राह्यनं का" म्हणाल्या. मग आबांनी त्यांना दाराची चौकट दाखवली. वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, आणि उन्हाळ्यात तिथं आम्ही लग्नाचं तोरण ठोकलं होतं तेव्हा ती नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, देव उचलून पदरात घेतले आणि निघाल्या.

मिस्त्रीने सकाळी कुरकुर केली, पण ढीग काढल्यावर फटीतून जे काळं पाणी वाहून आलं ते बघून गप झाला. जॅक लागले, पत्रे लागले. वायर काढली. आता स्लॅबचं सांगा ना.

कोबावाला

छान केलंत. आता स्लॅब.

बांधकाम किती आहे? दोन खण म्हणजे १२ बाय २४ धरतो. पाच इंचाचा स्लॅब म्हणजे १२० घनफूट काँक्रीट, नुसत्या स्लॅबला २८-३० गोण्या, बीम वेगळे. गावातल्या मिक्सरवर चढउतार धरून तीन-चार तास लागतातच. त्यानंतर काँक्रीट आवळायला काही तास हवेत. म्हणजे दोन तासांच्या उघाडीत हे बसत नाही. मिस्त्री चुकतोय. पण दिवाळीपर्यंत थांबा म्हणणारे भाऊही चुकतायत, कारण तोवर प्लेटा भाड्याने, सळई उघडी आणि ती मधली फट उघडी. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज रोज बघा, अलर्ट उतरला की सकाळी लवकर सुरू करून दुपारी संपवता येईल असा अर्धा-पाऊण दिवस पकडा.

काम संपून वरचा थर घट्ट झाल्यावर रिमझिम आली तर बिघडत नाही, फुकटची क्युरिंग होते, म्हणजे काँक्रीट आपोआप ओलं राहतं. मार बसतो तो ओतताना किंवा लगेच आलेल्या जोराच्या सरीने. सिमेंट धुऊन जातं आणि वर नुसती खडी दिसते. म्हणून अख्ख्या स्लॅबवर पुरेल एवढं मेणकापड आणि दोऱ्या आधीच वर नेऊन ठेवा. मध्येच थांबायची वेळ आली तर जोड कुठे सोडायचा हे ज्याने डिझाइन दिलंय त्याला आधी विचारून ठेवा, मिस्त्रीच्या मर्जीवर नको.

तुमची जमीन काळी आहे. झडीत प्लेटांखालच्या बल्ल्या मातीत रुततात, आणि नेमकं काँक्रीट चढल्यावर रुततात. प्रत्येक बल्लीखाली फळी किंवा सपाट दगड, आणि ओतायच्या सकाळी दोरी लावून लेव्हल परत तपासायची. हे मी सगळ्यात आधी बघतो, मग सळई.

सळईवरचा तांबूस गंज चालतो. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघत असेल तर तारेच्या ब्रशने घासून घ्या. प्लेटांवर साचलेली माती, पालापाचोळा धुऊन काढा, कव्हरचे ठोकळे (सळई प्लेटेपासून वर धरणारे) हललेत का बघा.

डस्ट नको. धुतलेली क्रश सँड चालते, बरेच जण तीच वापरतात, पण क्रशरची भुकटी म्हणजे क्रश सँड नव्हे. वाळू ओली आहे, तिच्यात आधीच पाणी आहे, त्यामुळे मिक्सरमध्ये पाणी नेहमीपेक्षा कमी. बादली कोण ओततो त्याच्याजवळ उभ्या राहा. गोण्यांत गाठी झाल्या असतील तर एक गाठ चिमटीत दाबा. भुगा झाला तर ठीक, खडा राहिला तर ती गोणी स्लॅबला नाही.

ओतल्यावर पाऊस आहे म्हणून पाणी मारायचं थांबवू नका, उघाड पडली की आळी करून पाणी ठेवा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस. बल्ल्या १४ दिवसांच्या आत काढू देऊ नका, सेंटरिंगवाला दुसऱ्या साइटसाठी घाई करणारच. आणि रंग, पुट्टी, कशाचंही नाव दिवाळीपर्यंत काढू नका.

मायमाउली

लेकी, कानबाईचं मी सांगते. आमच्याकडे घर पडायला आलं तेव्हा थोरल्या दिरांकडे बसवली होती. एका कुळाचीच ना सगळी? चुलत सासऱ्यांचं घर परकं नाही. सासूबाईंना म्हण, चौरंग तुमचा, नारळ तुमचा, साज तुमचा, रोटही तुमच्याच हातचे, फक्त डोक्यावरचं छप्पर भाऊंचं. पुरणाला आणि गंगाफळाच्या भाजीला मोठी पातेली तिकडेच ने, ओसरीत चूल पेटवत बसू नको. आणि विसर्जनाला सोमवारी नदीकाठी जाताना बोरीला पाणी किती आहे ते बघूनच जा.

बोरीकाठची

मावशी, अगदी हेच सासूबाईंना वाचून दाखवलं. "रोट माझ्या हातचे" म्हटल्यावर तयार झाल्या. चुलत सासूबाईंनी लगेच अट घातली की खीर त्या करणार. ते त्या दोघी बघून घेतील.

कोबावाले दादा, एकच राहिलं. मिस्त्री म्हणतो, स्लॅब झाला की हातभर फट मातीने भरून टाकू, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना आधार देतील. भरू देऊ का?

कोबावाला

नाही. भरलेली माती ओल धरून ठेवेल आणि ती दोन्हीकडे जाईल. पुढचे खण उतरवेपर्यंत फट मोकळी आणि वरून झाकलेली राहू दे, तळाला चारी चालू ठेवा. पुढचे खण उतरवाल तेव्हा ती भिंतही जाणारच आहे, आणि ते काम येत्या उन्हाळ्यातच करा, टेकूवर दुसरा पावसाळा काढू नका. भाऊंना सांगून मिस्त्रीला आत्ताच बयाणा द्या, नाहीतर परत लग्नसराई.